कण्याला कुंकू

"मी रोह्याजवळ धाटावला एका केमिकल कंपनीत बॅकबोन सांभाळायचे," असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे आणि मग माझ्या कंबरेकडे बघतात. एका लग्नात तर एका बाईंनी मला कोपऱ्यात नेऊन मणक्यातल्या गॅपवर उपाय विचारला होता. शिक्षिकेला आपला वर्ग दाखवता येतो, नर्सला वॉर्ड दाखवता येतो. माझं काम जमिनीखाली पुरलेलं. ते नीट चाललं की कुणाला दिसायचं नाही. बंद पडलं की मात्र गेटवरच्या वॉचमनपासून मॅनेजरसाहेबांपर्यंत सगळ्यांना माझं नाव आठवायचं.

तर आधी ते काय प्रकरण होतं ते सांगते, म्हणजे पुढची गोष्ट कळेल.

नव्वदच्या दशकात आमच्याकडे कॉम्प्युटर आले ते सुटे सुटे. एक स्टोअरमध्ये, एक लॅबमध्ये, दोन अकाउंट्सला, एक गेटवर. जो तो आपापल्या बेटावर राजा. लॅबने माल तपासला की आकडे फ्लॉपीत भरायचे आणि आमचे शिपाई गोविंदराव ती फ्लॉपी घेऊन अकाउंट्सला जायचे. पावसात ती भिजू नये म्हणून ते ती आपल्या जेवणाच्या डब्यात ठेवत. तोवर डबा रिकामा झालेला असायचा, पण दुपारपर्यंत त्यात सुकट असायची. अकाउंट्सचे जोशी कांदालसूणसुद्धा न खाणारे. दोन बोटांच्या चिमटीत फ्लॉपी धरून ते माझ्या टेबलाशी येत आणि म्हणत, "बाई, आज आकड्यांना फारच वास आहे हो."

या वासाला कंटाळून नव्हे, पण कंपनीने सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचं ठरवलं आणि बी.एस्सी.नंतर मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला असल्यामुळे ते माझ्या गळ्यात पडलं.

एका इमारतीतले कॉम्प्युटर आपसात जोडणं सोपं असतं. अवघड असतं एका इमारतीतून दुसरीत जाणं. मी तेव्हा पेणहून रोज पॅसेंजरने रोह्याला जायचे, त्यामुळे मला उदाहरण सुचलं ते त्या लाइनीचंच. गावागावातून माणसं पेण स्टेशनवर येतात ती रिक्षाने, सायकलने, कुणी पायी. ही झाली इमारतीतली वायर. पण पेणचा माणूस रोह्याला जातो तो लाइनीवरून. ही लाइन म्हणजे बॅकबोन. ती कुणाच्या दारात जात नाही, पण सगळ्यांची दारं तिच्यामुळे जवळ येतात. एखादी रिक्षा बंद पडली तर एका गावाची गैरसोय होते. लाइन बंद पडली तर सगळेच फलाटावर बसून राहतात.

माझे वडील हमरापूरचे मूर्तिकार. त्यांना हे सगळं मी मोठ्या उत्साहाने समजावलं. हातातला साचा खाली न ठेवता ते म्हणाले, "म्हंजे आपल्या काथ्यासारखा की गो. वरून लोकं रंग बघतात, मुकुट बघतात. आतला काथ्या कोन बघतो? पन तो नसला तर बाप्पा टेम्पोतच हात टाकील." माझ्या डिप्लोमाच्या जाडजूड पुस्तकातलं एक प्रकरण त्यांनी तीन वाक्यांत उरकलं, आणि मला थोडा रागही आला.

आमचा बॅकबोन काचेच्या तारेचा होता. केसाएवढी काच, तिच्यातून उजेड पळतो आणि त्या उजेडाच्या उघडझापीतून आकडे जातात. तो उजेडही आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जातीचा. कुणाला हे सांगितलं की पहिला प्रश्न यायचा, "मग तो आहे हे कशावरून?"

केबलसाठी चर खणायला एमआयडीसीच्या मागच्या आदिवासी वाडीतली माणसं आली होती. त्यांत बायजाबाई नावाची म्हातारी सगळ्यांची पुढारी. तिने केबलचा तुकडा मागून घेतला. वरचं साल, आतलं साल काढत काढत मी तिला ती काच दाखवली. तिने हाक मारून सगळ्या बायकांना बोलावलं. "बगा गो, या केसासाठी आपन पाताल खंदतो!" सगळ्या पोट धरून हसल्या. मी ओशाळले. पण नंतर चराच्या तळाशी वाळू पसरायची वेळ आली तेव्हा हीच बाई आत उतरून तळव्याने वाळू सारखी करताना मी पाहिली. मी म्हटलं, "बाई, फावड्याने ओढा ना." ती म्हणाली, "काच हाय बोललीस ना? मंग खडा नको खाली. लेकराखाली ठेवतो का आपन?" त्या चरावरून पुढे वर्षानुवर्षं भरलेले टँकर गेले. माझ्या नोकरीत तिथली केबल एकदाही तुटली नाही. ज्यांना मी मनापासून मानते अशी माणसं मला कंपनीत बरीच भेटली, त्यांत बायजाबाईचा नंबर फार वर आहे.

काच जोडायला मुंबईहून इंजिनियर आला. त्याने श्वास रोखून दोन केसांची टोकं जुळवली तेव्हा मला वडिलांची डोळ्यांची आखणी आठवली. आखणी चालू असताना आमच्या मूर्तींच्या कारखान्यात कुणी शिंकत नसे. जाताना त्याने एकच गोष्ट बजावली. पितळी टोपणं फिरवून टोकं पेटीत बसवलेली आहेत, ती काढायची नाहीत, आणि काढलीच तर टोकाला बोट लावायचं नाही. "बोटाचं तेलसुद्धा त्या काचेला डोंगराएवढं असतं," तो म्हणाला. मी ते वाक्य मनात कोरून ठेवलं. ते दुसऱ्या कुणाला सांगायची गरज आहे असं मात्र तेव्हा वाटलं नाही.

आता म्हात्रेकाका.

चारी बाजूंच्या इमारतींकडून येणाऱ्या काचा जिथे एकत्र व्हायच्या ती पेटी आम्ही बॉयलर हाउसच्या पॅनेलरूममध्ये बसवली होती. कंपनीच्या मधोमध ती जागा, आणि तिथली वीज कधी जात नसे. बॉयलरवर पहिल्या शिफ्टला जनार्दन म्हात्रे असायचे. पेणच्या खाडीकाठच्या गावचे, मिठागरावर वाढलेले, उन्हाने रापलेले आणि आवाजाने पहाडी. आम्ही एकाच पॅसेंजरने यायचो. डब्यात मी त्यांची "गो पोरी" असायची आणि कंपनीचं गेट ओलांडलं की "मॅडम" व्हायची. ही बदली ते इतक्या सहज करत की मला गंमत वाटे.

पेटी बसवली त्या दिवशी त्यांनी विचारलं, "मॅडम, ह्या डब्याचा काम काय?" मी उत्साहात होते. म्हटलं, "काका, हा कंपनीचा कणा. लॅब, स्टोअर, गेट, ऑफिस, सगळे यावर उभे आहेत. याच्या आतून उजेड धावतो. तो थांबला की सगळी कंपनी आंधळी."

त्यांनी मान डोलावली आणि त्या दिवसापासून पेटी त्यांची झाली. रोज सकाळी कोरड्या फडक्याने पुसायची. तिच्यावर कुणी हेल्मेट ठेवलं की गरजायचे, "उचल ता! तुज्या बापाचा टेबल हाय?" जोशी एकदा सहज पेटीला टेकून उभे राहिले तर त्यांनाही "सायेब, आंग काढा" असं ऐकून घ्यावं लागलं. आमच्या साहेबांनी त्या पेटीसाठी पैसे मंजूर केले असतील, पण तिला मान दिला तो म्हात्रेकाकांनी.

खंडेनवमीला आमच्या कंपनीत दुपारी पूजा असायची. बॉयलर, पंप, फोर्कलिफ्ट, वजनकाटा, फिटरचे पाने, कँटीनची शेगडीसुद्धा. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ, पेढे. ऑफिसात कॉम्प्युटरना साहेब स्वतः कुंकू लावत. त्या दुपारी कुणी काम करत नसे, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी.

सुट्टीनंतर सकाळी कामावर आलो तर सगळं मेलेलं. लॅबला ऑफिस दिसेना, ऑफिसला स्टोअर दिसेना. भरलेले टँकर गेटवर अडकले, कारण लॅबचा शेरा गेटपर्यंत पोचेना. प्रत्येक कॉम्प्युटर आपल्या जागी धडधाकट होता. मी बॉयलर हाउसला धावले. पेटीही चालू होती. टोपणं सगळी जागच्या जागी. फक्त चारी केबलींच्या नावाचे हिरवे दिवे विझलेले. एक केबल तुटली असती तर समजलं असतं. चारही एकदम कशा तुटतील?

हाच प्रश्न साहेबांनाही पडला आणि त्यांनी त्याचं उत्तरही काढलं. तेव्हा युनियनबरोबर पगाराच्या बोलण्यांत तणातणी चालू होती, गेटवर घोषणा होऊन गेल्या होत्या. साहेब म्हणाले, "हा घातपात आहे. पॅनेलरूमची किल्ली कुणाकडे असते?"

किल्ली म्हात्रेकाकांकडे असायची.

साहेब तसे वाईट नव्हते. पण एकदा गाडी सुटली की त्यांना मधली स्टेशनं दिसत नसत. त्यांनी पर्सोनेलच्या माणसाला माझ्यासमोर सांगितलं, "पहिली शिफ्ट सुटताना म्हात्रेला गेटवरच निलंबनाचं पत्र द्या." मी म्हटलं, "साहेब, आधी बिघाड तर सापडू दे." ते म्हणाले, "शिफ्ट सुटेपर्यंत वेळ आहे तुमच्याकडे."

काका निवृत्तीला आले होते. नोकरी गेली असती तर घराचं कसंबसं निभावलं असतं. पण पॅसेंजरच्या ज्या डब्यात इतकी वर्षं हक्काची खिडकी होती, तिथे लोक म्हणाले असते, हाच तो, यानेच कंपनी बंद पाडली. ते त्यांना सोसलं नसतं. बातमी त्यांच्या कानावर गेलीच होती. मी गेले तेव्हा ते बॉयलरच्या काट्याकडे बघत उभे होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, बापजाद्यांनी डोक्यावर मीठ वायलं पन मालकाच्या मिठागराचा बांध कदी तोरला नाय आमच्या घरान्यात. मी ह्यो डबा तोरीन?" त्यांचा आवाज फुटला.

मग मी ठरवलं, केबल तुटली आहे की नाही ते साध्या डोळ्यांनी बघायचं. ही जुनी युक्ती आहे. एका टोकाला टॉर्च धरायचा. काच सलग असली तर दुसऱ्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका उजळतो. लॅबच्या टोकाशी मी टॉर्च घेऊन उभी राहिले आणि कंपनीतल्या फोनवरून काकांना पेटीजवळ बोलावलं.

"काका, लॅबचं नाव लिहिलेलं टोपण हळूच फिरवून बाहेर काढा."

"काडला," ते लगेच म्हणाले. इतक्या चटकन, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

मी टॉर्च लावला. "टोकाकडे बघा. दिसतोय का उजेड?"

"ठिपका हाय, मॅडम. पन लाल हाय."

लाल? टॉर्चचे सेल उतरले असतील, असं मला वाटलं. मी टॉर्च बंद केला. "आता?"

"आताबी लालच."

"काका, टॉर्च बंद आहे."

"आसंल," काका शांतपणे म्हणाले. "कुंकू कंचा विझतोय?"

"कसलं कुंकू?"

"आपल्या पूजेचा. नवमीला लावला ना. तुमीच बोलला, याच्या आतून उजेड धावतो. डब्याला भायेरून कुंकू लावून काय व्हनार? म्हनून एकेक तोंड काडला, हलद लावली, कुंकू लावला, नमस्कार केला, परत बसवला. चारी तोंडांना लावला, कोनाला ठेवला नाय."

मी लॅबमधल्या स्टुलावर बसले. आधी हसू आलं, मग डोळ्यांत पाणी आलं, आणि मग भीती वाटली. कारण बिघाड सापडला होता आणि तो काकांच्याच हातचा होता.

लॅबमधून स्पिरिट आणि मऊ सुती कापड घेऊन मी बॉयलर हाउसला गेले. एकेक टोक पुसलं. कापड हळदीने पिवळं आणि कुंकवाने लाल होत गेलं. काका शेजारी उभे राहून बघत होते. काय झालं हे त्यांना हळूहळू उमगत गेलं आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. ऑफिसचा दिवा हिरवा झाला, मग लॅबचा, मग गेटचा. स्टोअरचा काही केल्या लागेना, तो दुसऱ्या दिवशी मुंबईच्या इंजिनियरनेच लावला. पण टँकर हलले.

"चला," मी काकांना म्हटलं, "साहेबांकडे जाऊ."

"मॅडम, मीच केला ता."

"म्हणूनच चला."

केबिनमध्ये मी काही न लपवता सगळं सांगितलं. साहेब ऐकता ऐकता लाल झाले. "म्हणजे मी म्हणत होतो तेच. यानेच बंद पाडलं. कशाला हात लावलास तिथे?"

काका हात जोडून उभे होते. एरवी बॉयलरवर मात करणारा आवाज त्या दिवशी कसाबसा ऐकू येत होता. "सायेब, मॅडम बोलल्या का सगली कंपनी याच्यावर उबी हाय. मंग पंपाला पुजला, काट्याला पुजला, आनि ज्याच्यावर सगले उबे हात त्याला तसाच ठेवायचा? मनाला पटंना."

साहेबांच्या टेबलावर त्यांचा कॉम्प्युटर होता. पडद्याच्या वर मधोमध कुंकवाचं बोट उठलेलं, त्यावर अक्षता चिकटलेल्या. मी तिकडे बघितलं. साहेबांनीही बघितलं. ते कुंकू त्यांनी स्वतः लावलेलं होतं. मग पर्सोनेलच्या माणसाला म्हणाले, "ते पत्र राहू दे." आणि काकांना म्हणाले, "म्हात्रे, पुढच्या वर्षी बाहेरून लावा. जा आता, बॉयलर बघा."

तेवढ्यावर मिटलं. ती हकिकत कंपनीभर झाली, कँटीनमध्ये काकांची थट्टाही झाली. त्यांनी ती सोसली. पेटी पुसणं त्यांनी सोडलं नाही, पण आता ती लांबून, हात आखडून पुसायचे.

पुढच्या खंडेनवमीला मी बॉयलर हाउसमध्ये गेले. बॉयलरला माळ होती, पंपाला कुंकू होतं, काकांच्या बसायच्या स्टुलालासुद्धा झेंडूचं फूल होतं. पेटी मात्र कोरी होती. मला ते बघवेना. इतकी वर्षं मी ती पेटी सांभाळली, पण तिच्यासाठी कुणाच्या जिवाला चुटपुट लागली असेल तर ती याच माणसाच्या.

"काका, ही राहिली."

"नको मॅडम. एकदा आंधला केला त्याला."

मी तबक उचलून त्यांच्या पुढे धरलं. "बाहेरून लावा. तुमच्याच हातचं हवं."

त्यांनी पेटीच्या काचेच्या दारावर जपून एक बोट टेकवलं. मग दोन्ही तळवे डोळ्यांच्या बाजूला धरून काचेतून आत वाकून बघत राहिले. हिरवे दिवे लुकलुकत होते.

"मॅडम, एक इचारू? ह्ये दिवे तर भायेरचे. आतला जो धावतो तो उजेड कसा असतो दिसायला?"

"तो डोळ्यांना दिसत नाही, काका."

"आमच्या डोल्यांना नाय दिसत. पन तुमी तर पायला असंल?"

"नाही. मीही कधी पाहिला नाही."

काका सरळ उभे राहिले. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांचा तो पहाडी आवाज मोकळा झाला आणि गेटच्या आत असूनही ते मॅडम म्हणायचं विसरले.

"म्हंजे तूबी हात जोडूनच हायस की गो पोरी!"